डिकीतला वैशाख

मेअखेरची, नवतप्यातली दुपार. अमरावतीहून नागपूरकडे निघालेली गाडी. आत एसी चालू, काचा बंद, मागच्या सीटवरची मुलं ओढणी पांघरून बसलीत इतका गारवा. तळेगाव मागे पडून कारंजा यायच्या आत डिकीतला वूफर गप्प होतो आणि त्याच्या मागोमाग दारांतले स्पीकरही. पुढच्या स्क्रीनवर गाणं चालूच असतं, सेकंद पुढे सरकत असतात, पण आवाज नाही. गाडी बाजूला घेऊन डिकी उघडली तर ॲम्प्लिफायरवर हिरव्याऐवजी लाल दिवा. चहा घेऊन परत यावं तर सगळं पुन्हा सुरळीत, आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच.

डिसेंबरात हीच गाडी, हाच ॲम्प आणि हीच गाणी घेऊन मंडळी चिखलदऱ्याला जाऊन आली होती. तेव्हा काहीही झालं नव्हतं.

'उन्हाळा आहे, तापणारच' हे उत्तर बरोबर आहे, पण त्याने पूर्ण समाधान होत नाही. गाडीच्या आत तर २४ अंश आहेत, मग ॲम्पला ऊन कुठून लागलं? दुसरी गोष्ट याहून चक्रावणारी आहे. आवाज बऱ्यापैकी कमी केला तरी ॲम्प बंद पडायचा थांबत नाही. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली की ॲम्प थंड कसा ठेवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. निदान दुकानदाराने सुचवलेला प्रत्येक पंखा विकत घ्यावा लागत नाही.

मधला आवाज सर्वांत तापट

ॲम्पचं काम सोपं आहे. म्युझिक सिस्टीमकडून आलेला अशक्त सिग्नल घ्यायचा आणि त्याच्या चढउतारांप्रमाणे बॅटरीची वीज स्पीकरकडे सोडायची. बॅटरीकडून घेतलेली सगळी वीज स्पीकरपर्यंत जात नाही. जी जात नाही तिची ॲम्पमध्येच उष्णता होते.

किती होते, हे कळायला जुन्या आणि अजूनही भरपूर वापरात असलेल्या 'एबी' वर्गाच्या ॲम्पकडे बघू. त्याच्या आत बॅटरीचे १२ ते १४ व्होल्ट आधी वाढवले जातात. समजा ते २० झाले. स्पीकर ४ ओमचा आहे. स्पीकरला सतत २० व्होल्ट नको असतात, गाण्याप्रमाणे क्षणोक्षणी वेगळा दाब हवा असतो. उरलेला दाब मध्ये बसलेला ट्रान्झिस्टर स्वतःवर झेलतो. झेललेले व्होल्ट गुणिले त्यातून वाहणारा प्रवाह, ही त्याच्यात तयार होणारी उष्णता.

आता आकडे घालू. स्पीकरला १ व्होल्ट हवा असताना प्रवाह पाव अँपिअर, ट्रान्झिस्टरवर १९ व्होल्ट, म्हणजे उष्णता सुमारे ५ वॅट. स्पीकरला १८ व्होल्ट हवे असताना प्रवाह साडेचार अँपिअर, पण ट्रान्झिस्टरवर उरले दोनच व्होल्ट, उष्णता ९ वॅट. आणि स्पीकरला बरोबर मधले १० व्होल्ट हवे असताना? प्रवाह अडीच अँपिअर, ट्रान्झिस्टरवर १० व्होल्ट, उष्णता २५ वॅट. अगदी हळू आवाजात प्रवाहच नसतो आणि पूर्ण आवाजात ट्रान्झिस्टरवर दाब उरत नाही. मधे मात्र दोन्ही भरपूर असतात.

म्हणून चार वाहिन्यांचा, प्रत्येकी ५० वॅटचा, एकूण २०० वॅटचा एबी ॲम्प पूर्ण ताकदीने एकसारखा सूर वाजवत असेल तर कागदावर ५५ वॅट उष्णता देतो, आणि ८० वॅटवर वाजवला तर मात्र ८० वॅट. आणखी कमी करून २५ वॅटवर आणला, तरी उष्णता ६५ वॅटच्या आसपास राहतेच. आवाज कमी करूनही लाल दिवा का लागतो, याचं उत्तर इथे आहे. कानाला फरक जाणवतो, पण ॲम्पला तो जवळजवळ जाणवतच नाही. (हे आकडे आदर्श मंडलाचे आहेत. प्रत्यक्षात आतला वीजपुरवठाही थोडी भर घालतो.)

कारखानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती ॲम्पच्या जाहिरातींत किती वॅट छापायचे याला शिस्त लावणारा नियम केला. मोजमापाआधी ॲम्प एक-तृतीयांश ताकदीवर तासभर चालवायचा, अशी त्यात अट होती. एक-तृतीयांश म्हणजे जवळजवळ सर्वांत तापणारी जागा. कारखानदार कुरकुरले, आणि पुढे ही अट एक-अष्टमांशावर आली. साध्या गाण्यात सरासरी ताकद तेवढीच असते, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो चुकीचाही नाही. मात्र वरातीत वाजतात तसले ठोके भरलेले रीमिक्स लावले की सरासरी पुन्हा एक-तृतीयांशाकडे सरकते.

'डी' वर्गाचा ॲम्प हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतो. त्यात ट्रान्झिस्टर मधल्या अवस्थेत थांबतच नाही. तो एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते. चालू असताना त्याच्यावर दाब नाममात्र असतो, बंद असताना प्रवाह नसतो. गुणाकार दोन्ही वेळी नगण्य. उघडझाप किती काळ चालू आणि किती काळ बंद, या प्रमाणातून गाणं घडतं आणि पुढची गाळणी ते गुळगुळीत करून स्पीकरला देते. घेतलेल्या विजेपैकी ८० ते ९० टक्के वीज पुढे जाते. वूफरचे मोठे ॲम्प आज बहुतेक याच वर्गाचे असतात. तापतात तेही, पण त्यांची कारणं थोडी निराळी आहेत. ती पुढे येतील.

भोक पडलेली बादली

उष्णता तयार झाली म्हणजे तापमान वाढतच जाणार असं नाही. ते कुठेतरी थांबतं. कुठे, हे कळायला नळाखाली एक बादली ठेवा, तळाशी भोक असलेली. नळ सोडला की पाणी चढू लागतं. जसजसं चढतं तसतसा भोकावरचा दाब वाढतो आणि गळती वाढते. एक वेळ अशी येते की नळातून जितकं येतं तितकंच भोकातून जातं. पाणी तिथेच थांबतं. नळ म्हणजे ॲम्पमध्ये तयार होणारी उष्णता, भोक म्हणजे बाहेरचे ॲल्युमिनियमचे पट्टे, ज्यांना दुकानात हीट सिंक किंवा फिन्स म्हणतात, आणि पाण्याची पातळी म्हणजे तापमान.

आता तीच बादली पाण्याने अर्ध्या भरलेल्या हौदात ठेवा. भोकातून पाणी बाहेर जायला बादलीतली पातळी हौदाच्या पातळीपेक्षा वर असावी लागते. फरक तेवढाच राहतो, पण सुरुवातच वरून होते. हौद म्हणजे ॲम्पभोवतीची हवा.

आकड्यांत सांगायचं तर फिन्सचा एक गुणांक असतो: एका वॅटमागे आजूबाजूच्या हवेपेक्षा किती अंश वर जाणार. मध्यम आकाराच्या ॲम्पसाठी तो अर्धा अंश धरा. ८० वॅट उष्णता म्हणजे हवेपेक्षा ४० अंश जास्त. डिसेंबरात डिकीतली हवा २५ अंश, ॲम्पचं अंग ६५. हात फार वेळ ठेवता येणार नाही, पण ॲम्पची तक्रार नाही. मे महिन्यात डिकीतली हवा ५०, म्हणजे अंग ९०. बहुतेक ॲम्पमध्ये फिन्सला चिकटवलेली तापमानाची कळ साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान वीज तोडते. ती म्हणजे बादलीचा काठ. थोडं निवलं की कळ आपोआप पुन्हा जुळते, म्हणून चहा घेऊन परत आल्यावर गाणी सुरू होतात. आणि हौदातलं पाणी जिथल्या तिथेच असल्यामुळे थोड्या वेळात पुन्हा काठ गाठला जातो.

मुंबईकरांना यात एक गंमत वाटेल. जूनच्या सुरुवातीला दादरला ३४ अंशांत जीव नकोसा होतो आणि नागपूरचा माणूस ४४ अंशांत डोक्याला दुपट्टा बांधून कामं उरकतो, कारण कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवतं. ॲम्पला घाम येत नाही. त्याच्या दृष्टीने दादर दहा अंशांनी सुखाचं.

हवामान खात्याचा पारा आणि डिकीतला पारा

मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा सावलीतला, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापीचा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीशी त्याचा संबंध सुरुवातीच्या पायरीपुरता.

दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ओततं. काचेतून आलेला प्रकाश सीट आणि डॅशबोर्ड तापवतो, ते हवेला तापवतात, आणि तापलेली हवा बंद काचांमुळे बाहेर जाऊ शकत नाही. 'पीडिॲट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी आणि एका हवामानतज्ज्ञाने केलेली मोजणी छापून आली. गाड्यांत कोंडल्या जाणाऱ्या मुलांच्या काळजीपोटी ती केली होती. तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. त्यांचे दिवस २२ ते ३६ अंशांचे होते. तीच वाढ नवतप्यातल्या दुपारच्या तापमानावर चढवली तर गाडीत पासष्टीच्या घरात हवा येते.

गाडीच्या रंगालाही इथे काम असतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एकाच बनावटीची काळी आणि चंदेरी गाडी शेजारी उभी करून मोजलं, तेव्हा चंदेरी गाडीचं छत २५ अंशांपर्यंत कमी तापलं आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी राहिली.

आता डिकी. सेडानच्या डिकीला काच नसते, पण वर पत्रा असतो आणि तो सरळ उन्हात. आत सगळीकडे गालिचा लावलेला, म्हणजे आत आलेली उष्णता धरून ठेवायची सोय कारखान्यातच केलेली. गाडी सुरू झाल्यावर एसी माणसांना थंड करतो. डिकी मात्र मागच्या सीटच्या पलीकडे आहे. बसलेल्यांना २४ अंश आणि ॲम्पला ५०, या कोड्याचं उत्तर एवढंच. हॅचबॅकमध्ये परिस्थिती बरी असते. डिकी आणि बैठक एकाच खोलीचे दोन कोपरे असतात, मागचा ट्रे काढला की थंड हवा सरळ ॲम्पपर्यंत जाते.

सेडानवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय चालू असतो तेव्हा आलेली हवा बाहेरही पडावी लागते, नाहीतर दार लावताना कान दडपतील. म्हणून पुष्कळ गाड्यांत मागच्या बंपरच्या आड रबरी पडद्यांच्या झडपा असतात आणि बैठकीतली हवा डिकीच्या कडेने तिथून बाहेर जाते. म्हणजे डिकीला थोडीशी वापरलेली थंड हवा आयती मिळू शकते. पण आपण उन्हाळ्यात आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबतो, तेव्हा हा प्रवाह जवळजवळ थांबतो. त्यात वूफरचं खोकं त्या झडपेला टेकवून ठेवलं असेल, किंवा आवाज कोंडण्यासाठी लावलेल्या काळ्या शीटने तीही झाकली असेल, तर उरलीसुरली वाटही गेली. गाडी चांगली थंड झाल्यावर मधूनमधून पाच-दहा मिनिटं बाहेरची हवा घेण्याचं बटण दाबून बघायला पैसे पडत नाहीत.

आत काय भाजतं

ॲम्प बंद पडला की लोक वैतागतात, पण ती कळ नसती तर नुकसान मोठं झालं असतं. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आतमध्ये दीडशे अंशांपर्यंत तग धरतो. बाहेरचं अंग ९० असेल तर आतला दाणा त्याहून पंधरा-वीस अंश वर असतो. म्हणजे अजून जागा आहे. त्रास असा की जुन्या धाटणीचा ट्रान्झिस्टर तापला की जास्त प्रवाह सोडतो, जास्त प्रवाहाने आणखी तापतो. मंडलात आवर घालणारी सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. आतल्या वीजपुरवठ्यात आणि डी वर्गात वापरले जाणारे मॉसफेट तापल्यावर जास्त अडथळा करतात. दीडशे अंशांना त्यांचा अडथळा खोलीच्या तापमानाला असतो त्याच्या दुपटीच्या जवळ जातो, म्हणून तेवढ्याच प्रवाहाला उष्णता जास्त.

खरा बळी मात्र हळूहळू जातो. ॲम्पच्या आत उभ्या डब्यांसारखे दिसणारे कपॅसिटर असतात, त्यांत ओलसर द्रव असतो आणि उष्णतेने तो सुकत जातो. चांगल्या कपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास असं काही लिहिलेलं असतं. ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. ८५ अंशांना तेच ८००० तास, ६५ ला ३२,००० तास. रोज दोन तास गाणी ऐकणाऱ्याला २००० तास तीन वर्षंही पुरत नाहीत, ८००० तास अकरा वर्षं जातात. ॲम्प थंड ठेवायचा तो या हिशेबासाठी. लाल दिवा ही फक्त ऐकू येणारी तक्रार आहे.

┌ चौकट: लाल दिवा लागला तर आधी हात लावून बघा

ॲम्पचं अंग चटका बसण्याइतकं गरम आहे आणि निवल्यावर आपोआप सुरू होतो: कारण उष्णताच.

अंग गार आहे तरी लाल दिवा: उष्णतेचा संबंध नाही. स्पीकरची वायर कुठेतरी सोललेली असून पत्र्याला लागते आहे का, किंवा एखाद्या स्पीकरची कॉइल जळली आहे का, ते बघायला हवं.

जोराचा ठोका आला की क्षणभर बंद आणि पुन्हा चालू: बहुधा व्होल्टेज पडतं आहे. बॅटरीची टोकं, फ्यूजची जागा आणि बॉडीला दिलेलं अर्थिंग तपासा. पत्र्यावरचा रंग न खरवडता स्क्रू मारलेला असतो, ही नेहमीची चूक.

उष्णता, पण फक्त एका कोपऱ्यात: फिन्सला ट्रान्झिस्टर दाबून धरणारी पट्टी सैल झाली असेल. हे काम दुरुस्तीवाल्याचं.
└

जागा

ॲम्प बसवताना दिसण्याचा विचार आधी होतो आणि हवेचा शेवटी. गरम हवा वर जाते, म्हणून फिन्सच्या खाचा उभ्या राहतील असा ॲम्प उभ्या फळीवर बसवला तर हवा खालून शिरते, खाचांतून तापत वर चढते आणि पंख्याशिवाय प्रवाह चालू राहतो. जमिनीवर आडवा, फिन्स वर करून बसवला तर काम चालतं. सर्वांत वाईट म्हणजे मागच्या ट्रेच्या खालच्या बाजूला उलटा टांगलेला ॲम्प. फिन्समधली तापलेली हवा वर जायला बघते आणि वर ॲम्पचं स्वतःचंच अंग असतं. जागा वाचते म्हणून हे पुष्कळदा केलं जातं. मला ते पटत नाही.

दुसरी नेहमीची जागा वूफरच्या खोक्याची पाठ. हादऱ्यांनी आतले टाके सैल होतात, आणि खोकं सीटला चिकटून असलं की हवेलाही वाव नाही. चारही बाजूंना पाच-सहा सेंटीमीटर मोकळे हवेत. वर चटई, सतरंजी, लग्नाच्या आहेराच्या पिशव्या हे सगळं टाळायचं, आणि घरच्यांना हे पटवणं तांत्रिक भागापेक्षा अवघड आहे. ॲम्पवर जाळीचा छोटा पिंजरा बसवून घेतला तर वाद मिटतो.

पुढच्या सीटखाली छोटा डी वर्गाचा ॲम्प बसवणं विदर्भ-मराठवाड्यासाठी मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. एसीची हवा तिथे आधी पोचते, बॅटरीही जवळ पडते. तोटे आहेत: बुटांची धूळ खाचांत बसते आणि पावसाळ्यात ओल्या पायपुसण्याचं पाणी. म्हणून तळापासून बोटभर उंच फळीवर बसवायचा आणि वर्षातून दोनदा ब्रशने झाडायचा.

फिन्स काळ्या का असतात, असा प्रश्न मुलं विचारतात. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फारशी टाकत नाही, काळा थर चढवलेलं टाकतं. फायदा आहे, पण हवेच्या प्रवाहापुढे तो लहान.

पंखा कुठे आणि कधी

'भाऊ, दोन पंखे लावून देतो, टेन्शन नाही,' असं दुकानात सांगितलं जातं. पंखा लावणं चूक नाही. फिन्सच्या अंगाला चिकटून हवेचा एक पातळ, आळशी थर असतो आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. पंखा तो थर खरवडून काढतो. बादलीच्या भाषेत भोक मोठं होतं. आधीच्या उदाहरणातला अर्ध्या अंशाचा गुणांक ०.२ वर आला, तर ८० वॅटला फक्त १६ अंश वाढ. डिकी ५० असतानाही अंग ६६.

पण पंखा हौद रिकामा करत नाही. चारशे लिटरच्या डिकीत जेमतेम अर्धा किलो हवा मावते. ८० वॅट उष्णता फक्त त्या हवेत गेली तर दर पाच-सहा सेकंदांना एक अंश चढेल. पत्रा, गालिचा, स्टेपनी, सामान हे सगळं उष्णता पितं म्हणून तसं होत नाही, तरीही डिकी पूर्ण बंद असेल तर पंखा तीच गरम हवा गोल फिरवत राहतो आणि तासाभराने आपण पुन्हा तिथेच. म्हणून दोन पंखे ॲम्पवर रोखण्यापेक्षा एक ॲम्पवर आणि दुसरा बैठक व डिकी यांच्या मधल्या वाटेवर लावावा, तो थंड हवा डिकीत ओढेल अशा दिशेने. काही गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीत, हात टेकायच्या घडीमागे खिडकी असते, ती उघडी ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

संगणकातले १२ व्होल्टचे १२ सेंटीमीटरचे पंखे गाडीत चालतात आणि मोठा पंखा हळू फिरत असल्यामुळे आवाजही कमी. त्याची जोडणी म्युझिक सिस्टीमच्या रिमोट वायरवर थेट करू नये, ती वायर फक्त इशारा द्यायला असते. मधे रिले घालून वीज वेगळी, फ्यूजमधून घ्यावी. पंखा फिन्सच्या एका टोकाने हवा शिरून दुसऱ्या टोकाने निघेल असा लावावा.

बर्फाची पिशवी किंवा ओलं फडकं ठेवण्याचे प्रयोगही होतात. गार पृष्ठभागावर दव धरतं, दव आत उतरतं, आणि विजेच्या पाटीवर पाणी पडलं की उष्णतेचा प्रश्न कायमचा सुटतो, ॲम्पसकट.

नळच बारीक करणे

इथवर भोक आणि हौद झाले. पण सर्वांत स्वस्त उपाय नळाशी आहेत, आणि त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

ॲम्पवर 'गेन' नावाचं एक बटण असतं. लोक त्याला आवाजाचं बटण समजून टोकाला नेऊन ठेवतात. ते असतं म्युझिक सिस्टीमच्या सिग्नलशी ॲम्पचं माप जुळवण्यासाठी. टोकाला नेलं की थोड्याच आवाजात लाटांचे शेंडे कापले जातात. शेंडा कापून चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा दुप्पट ताकद वाहते. बॅटरीकडून ओढ वाढते, आतला वीजपुरवठा तापतो, आणि स्पीकरची कॉइलही. ऐकणाऱ्याला मिळतो फक्त कर्कशपणा.

दुसरं म्हणजे ओम. दोन वूफर समांतर जोडून ४ चे २ किंवा १ ओम करायची फॅशन आहे, कारण खोक्यावरचा वॅटचा आकडा फुगतो. आवाजाचं बटण तिथेच ठेवून एबी ॲम्पमध्ये ४ ओमच्या जागी २ ओम आले की ट्रान्झिस्टरमधली उष्णता दुप्पट. डी वर्गातही प्रवाह दुप्पट झाला की उघड्या मॉसफेटमधली उष्णता चौपट होते. डी वर्गाचे ॲम्प उन्हाळ्यात बंद पडतात ते बहुधा अशाच जोडणीत. १ ओमला परवानगी आहे म्हणून १ ओमच जोडायला हवं असं नाही.

तिसरं, वायर. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरले आणि ८ गेजची तांब्याची वायर असली तर ४० अँपिअरला वाटेत ०.४ व्होल्ट पडतात. ४ गेजला ०.१६. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वायरी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांत आणखी जास्त. ज्या ॲम्पमध्ये आतला दाब स्थिर राखायची सोय असते, तो कमी व्होल्ट मिळाले की तेवढीच ताकद द्यायला जास्त अँपिअर ओढतो आणि जास्त तापतो. मे महिन्यात सिग्नलला थांबलेल्या गाडीत एसी, रेडिएटरचा पंखा हे सगळं चालू असतं, इंजिन हळू फिरत असतं आणि तापलेला अल्टरनेटर आधीच कमी वीज देत असतो. नागपूरच्या वर्धा रोडच्या सिग्नलला ॲम्प बंद पडायला याहून वेगळं कारण लागत नाही.

आणि चौथं, माझ्या मते सर्वांत फायद्याचं: दारांतल्या छोट्या स्पीकरांना खालचे सूर वाजवायला लावू नका. गाण्यातली बहुतेक ताकद बेसमध्ये खर्च होते. चार वाहिन्यांच्या ॲम्पवर हाय-पास नावाचा फिल्टर असतो, तो ८० हर्ट्झच्या आसपास लावला की ढोलाचा भार वूफरच्या ॲम्पकडे जातो. दारांतल्या स्पीकरांचा आवाज उलट स्वच्छ होतो आणि त्यांचा ॲम्प कोमट राहतो.

राहिला प्रश्न जुना एबी ॲम्प बदलायचा की नाही. तेवढ्याच ताकदीचा डी वर्गाचा ॲम्प ८० वॅटच्या जागी वीस-पंचवीस वॅट उष्णता टाकतो, म्हणजे ५० अंशांच्या डिकीत पंख्याशिवायही त्याचं अंग साठ-पासष्टच्या आत राहतं. वूफरसाठी तर एबी ठेवण्यात आता अर्थ उरलेला नाही. पण वरच्या सुरांसाठी ज्यांचा कान जुन्या एबीवर बसला आहे, त्यांनी तो मोडीत काढायची घाई करू नये. वूफरला डी घ्यावा, एबीला दारांतले चार स्पीकर द्यावेत, हाय-पास लावून, डिकीच्या तळावर नको तर उभ्या फळीवर. अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यातही ही जोडी चालते.